तीन तोतये आणि विश्राम गावडे

चांद्रतळावरून निघालेल्या यानात चार खुर्च्या होत्या. तीन रिकाम्या खुर्च्यांना यान हवा पुरवत होतं. चौथीत विश्राम गावडे बसला होता. तिला पुरवत नव्हतं.

पृथ्वीवरच्या नियंत्रण केंद्रात डॉ. निरुपमा टिपणीसांनी शालनकडे पाहिलं. यानाच्या चाचणीलिप्या, म्हणजे यान तपासणारे प्रोग्रॅम, तिने पायथन या संगणकभाषेत लिहिले होते, आणि विश्राम तिचा नवरा होता.

"यानाच्या यादीतले हे तिघे प्रवासी कोण?"

"माझे तोतये, मॅडम."

उड्डाणाआधी चाचणीलिपी यानाच्या संगणकात खोटे प्रवासी बसवायची, यान त्यांना नीट सांभाळतं का ते बघायची आणि शेवटी त्यांना पुसून टाकायची. पण तोतयांवर खूण असली की तपासणीच्या दिवशी शाळा वागते तसं यान वागायचं. म्हणून टिपणीसांनीच खूण काढायला लावली होती. आता आवराआवर यानच करायचं: दर वेळी एकच उत्तर देईल तो तोतया, त्याला पुसायचं.

"मग हे कसे उरले?"

"खरे वाटावेत म्हणून मी त्यांना कुरकुर शिकवली. आणि ह्यांनी..." शालनने पडद्यावरच्या यानाच्या प्रश्नांकडे आणि विश्रामच्या उत्तरांकडे बोट दाखवलं.

खुर्ची टोचते का? चालेल. जेवण गार आहे. चालेल. हवा जरा कमी केली तर? चालेल.

टिपणीसांनी कपाळाला हात लावला. चाचणीत लबाडी नको म्हणून हाताने बदल करायची सोयही त्यांनीच बंद केली होती. विश्रामच्या पोशाखातली हवा संपत आली होती.

शालनने माइक ओढला. "अहो, कसली तरी तक्रार करा."

"कशाची? सगळं बरं आहे."

"तुम्हाला हवा मिळत नाहीये."

"येईल की. त्यांची काही अडचण असेल."

तिने तळावरच्या जेवणाचा विषय काढला, त्याच्या साहेबांचा काढला, शेवटी स्वतःच्या माहेरचाही काढला. त्याला प्रत्येकात काही ना काही चांगलं सापडलं. तिचा आवाज चिरकला.

"इतक्या वर्षांत एकदाही काही खटकलं नाही?"



"मी दर वेळी तळावरचा मुक्काम वाढवला," विश्राम म्हणाला, "आणि तू एकदाही परत या म्हणाली नाहीस."

चौथ्या खुर्चीत हवा सळसळली. यानाने नियमाप्रमाणे विचारलं, आणखी काही?

होतं. बरंच होतं. तासाभराने तिन्ही तोतयांनी शेजारच्या बडबडीविरुद्ध तक्रार नोंदवली आणि प्रवाशाचा आवाज बंद करू का, असं यानाने केंद्राला विचारलं.

"बोलू दे त्यांना," शालन म्हणाली आणि तिने खुर्ची स्पीकरजवळ ओढली.