येते म्हणून गेलेली

इंग्रजीच्या शिक्षकांची परिषद म्हणजे काय असतं, ते ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा. दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच वरून हुकूम येतो, भोरला दोन दिवस हजर राहा. गळ्यात नावाची पट्टी अडकवायची, गार झालेले पोहे खायचे आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून पाठीची वाट लावून घ्यायची. मी भोरात राहते, वेल्ह्याकडच्या डोंगरात शिकवायला जाते. इतकी वर्षं एसटीनं जाऊन-येऊन गुडघे गेले, पोरांपुढं ओरडून घसा गेला. आता या वयात मला कोण काय शिकवणार, असं मनात म्हणत मी मागच्या रांगेत बसले होते.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून शेफाली मॅडम आल्या होत्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या, आणि उत्साह नुसता उतू चाललेला. जेवणानंतर सगळ्यांचे डोळे मिटायला लागले, तेवढ्यात आमच्या केशव सरांचा फोन वाजला. ते उठले आणि सवयीनं म्हणाले, “मॅडम, आय कम.”

मॅडम हसून हसून बेजार. “सर, तुम्ही जाताय ना? मग आय ॲम गोइंग म्हणा!”

“आमच्यात जातो म्हणत नाहीत हो, मॅडम. येतो म्हणतात.”

“ते मराठीत. इंग्रजीत म्हटलेलं कुठं लागतंय?”

सगळे हसले, मीही हसले. मग मॅडमनी त्याचाच धडा केला. अख्खा हॉल पहिलीतल्या पोरांसारखा एका सुरात ओरडत होता, आय ॲम गोइंग, आय ॲम गोइंग. झालं की पुन्हा. शेवटी शेवटी डोकं बधिर झालं आणि जीभ आपली आपणच वळायला लागली. माझी जीभ तर घरी जाताना वाटेतही वळत राहिली असती, पण त्या दिवशी मी घरी गेलेच नाही. चहाच्या सुट्टीत उत्रोलीहून साळूबाईंचा फोन आला.

साळूबाई म्हणजे रत्नाची सासू. रत्ना माझ्याच शाळेत, माझ्याच विषयाची. गेल्या वर्षी याच परिषदेला यायला ती सकाळी स्कूटीवर निघाली. दारात लेकीला म्हणाली, “येते गं.” लेक म्हणाली, “ये लवकर.” भोरच्या अलीकडं टेम्पोनं उडवलं तिला. मी हॉलमध्ये तिची जागा धरून बसले होते.

“बाई, तुमी आज भोरातच हायसा न्हवं?” साळूबाई फोनवर म्हणाल्या. “मग सांच्याला हिकडं येऊन जावा. पोरीचं काय खरं न्हाई.”

खरं सांगू? मला नको वाटलं. घरी जाऊन गरम पाण्यात पाय सोडून बसायचं, एवढीच माझी इच्छा होती. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? हॉल सुटला आणि मी रिक्षा करून उत्रोलीला गेले.

भाताची झोडणी चालू होती. सगळ्या गावाला ओल्या पेंढ्याचा वास. रत्नाचं घर खाचरांच्या कडेला, अगदी शेवटचं. अजून ऊन पुरतं उतरलं नव्हतं, तरी दार आतून बंद. साळूबाईंनी आधी खिडकीतून मला बघितलं, मगच कडी काढली आणि मी आत आल्या आल्या पुन्हा लावली.

रत्नाची लेक श्रावणी भिंतीला टेकून दाराकडं तोंड करून बसली होती. तिसरीतली पोर, पण अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. गालांची हाडं वर आली होती. मी आले तरी तिनं दारावरची नजर काढली नाही.

“रोज दिवेलागणीला येती बगा,” साळूबाई माझ्या कानाशी लागल्या. “दारात हुबी ऱ्हाती. आले गं, म्हनती. ही आतनं म्हनती, ये. आन उठून दाराकडं जाती. घासाला तोंड लावत न्हाई. काल म्या मागल्या दारी व्हते, तर हिनं कडी काडलेली. येक पाय उंबऱ्याच्या भाईर! वढून आत घेतली, म्हून हाय. आज ती हिला न्हेती बगा, बाई.”

“कुमारला सांगितलंत?” कुमार म्हणजे रत्नाचा नवरा. शिरवळला कंपनीत, त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला.

“त्येला काय ऐकू येत न्हाई. म्हनतो, आये, तुला भास हुत्यात.” साळूबाईंनी पदरानं डोळे पुसले. “रत्ना वाईट न्हवती वो. येते म्हनून गेली, म्हून येती. जिनं ये म्हनलं, तिनंच आता जा म्हनाया पायजे. पन ही म्हनंना. किती येळा पाया पडले हिच्या.”

मी पोरीजवळ जाऊन बसले. तिचा डावा हात हातात घेतला. “श्रावणी, ऐकायचं बाळा आजीचं.”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “आईला जा कसं म्हणायचं, बाई?”

माझे डोळेच भरून आले. बाहेर ऊन उतरलं होतं, पाठ ठणकत होती, आणि डोक्यात दिवसभराचा तो हॉल अजून ओरडत होता. त्यातूनच ते आलं असणार. मी म्हटलं, “इंग्रजीत म्हण. गो. एवढंच. इंग्रजीत म्हटलेलं लागत नाही.”

“खरंच नाही लागत?”

“नाही गं.”

हॉलमध्ये हसण्यावारी नेलेलं एक वाक्य मी त्या लेकराच्या पदरात टाकलं. काय बोलून गेले, याचा विचार करायचंही त्राण नव्हतं माझ्यात.

दिवस बुडाला. शेतातलं झोडणीचं मशीन बंद झालं आणि एकदम सगळं गप्प झालं. तेवढ्यात लाइटही गेली. साळूबाईंनी देवापुढचा दिवा उचलून आणला आणि मध्ये ठेवला. पेंढ्याच्या वासात हळूहळू दुसरा वास मिसळायला लागला... खडूच्या भुकटीचा. शाळा सुटल्यावर आमच्या पदराला येतो ना, तसा.

पायरीवर कुणीतरी चपला काढल्या.

“आले गं, श्रावे...”

तो आवाज मी कसा विसरेन? घसा बसलेला, दिवसभर वर्गात ओरडलेल्या बाईचा. खरं सांगते, आधी मला रडूच आलं. भीती मागाहून आली.

“दार उघड गं... दमले मी.”

माझ्या हातातला तो हात दाराकडं ओढायला लागला. पोरगी उठून उभी राहिली. मी तिला ओढून जवळ घेतलं. “म्हण,” मी कुजबुजले. “म्हण, बाळा.”

“गो...”

बाहेर काहीच हललं नाही. दिव्याची वात चुरचुरत होती. साळूबाईंनी तोंडात पदराचा बोळा धरला होता. मला वाटलं, गेली. सुटलो.

मग दाराला अगदी चिकटून, मायेनं, तो आवाज आला.

“फुल सेंटेन्स, बाळा...”

वर्गात आम्ही दोघी दिवसातून दहादा हेच म्हणायचो. पूर्ण वाक्यात सांग. श्रावणीनं वर माझ्याकडं बघितलं. फळ्यापुढं उभं राहून अडलेलं पोर जसं बाईंकडं बघतं, तसं. यू मे गो, एवढंच सांगायचं होतं मला. किती सोपं! पण जीभ दिवसभराच्या सवयीनं आपली आपणच वळली.

“आय ॲम गोइंग,” मी म्हणाले.

जीभ चावायच्या आत पोरीनं ते उचललं. बाईंमागून म्हणतात तसं, मोठ्यानं, सुरात.

“आय ॲम गोइंग, आई.”

“व्हेरी गुड,” बाहेरून आलं.

चपला पायात सरकवल्याचा आवाज झाला. पावलं पायऱ्या उतरली, खळ्याकडं गेली, पेंढ्यावरून खसखसत लांब गेली... आणि थांबली.

मी पोरीला चाचपत होते. डोकं, पाठ, खांदे. सगळी जागच्या जागी होती. तिचा हात माझ्या मुठीत होता, ऊनऊन. “आहेस ना गं?” मी विचारलं. तिनं मान हलवली. तेवढ्यात लाइट आली.

“गेली?” साळूबाईंनी विचारलं.

“गेली.”

म्हातारी ढसाढसा रडली. मग उठून तिनं मीठमोहऱ्या घेतल्या आणि नातीवरून उतरवून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तशी श्रावणी म्हणाली, “आजी, भूक लागली.” ते ऐकून तर साळूबाईंना काय करू अन् काय नको असं झालं. नव्या तांदळाचा भात, वर दूध. पोरगी ताटावर अशी बसली की बघत राहावं. उजव्या हातानं खात होती. डावा हात मी अजून सोडला नव्हता, सोडायचा धीरच होत नव्हता. ‘जा’च्या जागी पोरीनं ‘जाते’ म्हटलं, तरी माझ्या चुकीनं काही झालं नाही, देवानं सांभाळलं, असं मी मनात म्हणत होते.

आणि दार वाजलं. हलकंच, आणि बरंच खाली. लहान पोराचा हात पोचतो तिथं.

“आजी... दार उघड की.”

साळूबाईंच्या हातातली पळी खाली पडली. श्रावणीचा आवाज होता तो. धाप लागलेला, रडवेला.

“आई पुढं गेली... मला अंधारात काय दिसंना. मी मागं पळत आले...” हुंदका फुटला. “बाई, तुम्ही माझा हात का सोडला?”

मी हात सोडला नव्हता. तो माझ्या मुठीत होता. मी शेजारी बघितलं. ती मान खाली घालून भात कालवत होती, जसं काही ऐकूच आलं नाही.

साळूबाई कशाबशा उठल्या. एक हात कडीवर ठेवून त्यांनी वळून आधी ताटावरच्या पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “बाई... ही कोन, आन ती कोन? उघडू का? सांगा लौकर...”

“बाई... ओ बाई...” बाहेर दारावर हात आपटत होते.

माझ्या मुठीतली बोटं हळूहळू आवळायला लागली. आवळत गेली. इवली नखं माझ्या तळव्यात रुतली.

“नको,” मी म्हणाले. “नका उघडू.”

साळूबाईंचा हात कडीवरून खाली आला. बाहेरचं रडणं बराच वेळ दाराशी होतं. मग ते खाचरांकडं लांब लांब जात राहिलं.

तेव्हा कुठं माझ्या हातातली बोटं सैल झाली. तिनं ताट पुढं सरकवलं.

“आजी,” ती म्हणाली, “अजून भात वाढ.”