तिसरा हिस्सा

"खबरदार, माझ्या मायच्या घराले कुलूप लावाल तं!"

अनसूया ओट्यावर आडवी उभी राहिली आणि पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याच्या हातातलं कुलूप हातातच राहिलं. जप्तीचं कानावर पडताच अकोल्याहून पहाटेच्या बसनं आलेली, अंगाची नुसती लाहीलाही झालेली! अमरावतीच्या ज्या घरातून नऊ वर्षांपूर्वी तिला "हिश्श्याची भुकेली" म्हणून हाकललं, त्याच घरासाठी ती आज भांडत होती... आणि ज्यानं हाकललं तो सख्खा भाऊ, मनोज, मान खाली घालून भिंतीला टेकला होता.

बाप गेल्यावर मनोजनं तिच्यापुढं हक्कसोडपत्र ठेवलं होतं, वर साडी-चोळी. सगळ्याच बहिणी करतात तशी सही करायची आणि माहेर राखायचं! तिनं नाही केली. तेव्हापासून भाऊबीज बंद, फोन बंद, भाचीच्या लग्नाची साधी पत्रिकासुद्धा नाही. पुढं मनोजनं बापाचं फुलांचं दुकान सोडून मंडप-सजावटीचा मोठा पसारा मांडला, त्यासाठी घर तारण ठेवलं, आणि घरपट्टीवर त्याचं एकट्याचं नाव पाहून संस्थेनंही डोळे मिटून घरावर बोजा चढवला. हप्ते थकले. आता जप्ती!

"घरपट्टी ठेवा बाजूले, साहेब. ही सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका पाहा, हिच्यावर माझंही नाव हाय," तिनं पिशवीतून कागद काढला. "तिसरा हिस्सा माझा हाय. म्या तारण देला नाही, कुठं सही केली नाही."

साहेबानं कागद दोनदा वाचला. "कर्ज मनोजरावांचं, तर वसुली त्यांच्याच हिश्श्यातून," तो नरमला. "वाटणी झाल्याशिवाय कुलूप लावता येणार नाही. पण बोजा कायम आहे, बाई. कर्ज फेडावंच लागेल."

"फेडन तो! मंडप इकन, गाडी इकन!"

साहेब गेला. मनोज तिच्या पायाशी कोसळला. "ताई... तू सही केली असती तं आज माय रस्त्यावर असती. तुले कसं सुचलं वं तवा?"

अनसूयेनं कागदाची घडी करून पिशवीत घातली.

"म्या सांगतलं होतं," आतून मनकर्णाबाई, त्यांची आई, बोलली. "त्या हक्कसोडीच्या कागदावर माझा अंगठा तं तू घेतलाच होता, पोरा. मंग म्या हिले म्हणलं, तू सही नको देऊ. अन् शपथ घातली, भावाले सांगू नको."

मनोजचा चेहरा पांढराफटक पडला. अनसूया मात्र गर्रकन वळली आणि इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं आईवरच फुटलं.

"हे बोलाले नऊ वर्षं लागले तुले? तो मले लालची म्हणत होता, अन् तू गजरे ओवत बसली! काहून, माय? काहून?"

"मले त्याच्यापाशीच राहा लागत होतं ना, बाई..." म्हातारीच्या डोळ्यांना धारा लागल्या. "तो तुटला असता तं जुळला नसता. तू कितीही रागावली तरी येशीन, हे ठाऊक होतं मले..."

"आली ना!" अनसूया किंचाळली. "आली ना मंग!"

आणि आईच्या गळ्यात पडून ती ढसाढसा रडली.