ऊन दाखवलेले सेल

"सेल उतरले वाटतं… जरा ऊन दाखवा ना त्यांना!"

राणीच्या बागेतल्या तळ्याकाठी गुडघे टेकून बसलेल्या हेमचंद्राने वर पाहिलं. चिंचपोकळीच्या चाळीत राहणारी कालिंदी टायपिंगच्या क्लासला दांडी मारून, दाणे खात उभी होती. त्याची रेडिओच्या लहरींवर चालणारी हातभर खेळण्यातली नाव काठाशी मान टाकून पडली होती.

"सेल म्हणजे काय गहू आहेत, ऊन दाखवायला?"

"आमच्याकडे टॉर्चचे सेल गॅलरीत उन्हात ठेवतात. पुन्हा पेटतात."

"पेटतात, पण टिकत नाहीत. उसनं अवसान ते!"

ओळख झाली ती अशी भांडणातून, आणि भांडणातली ओळख सहसा सुटत नाही. ती दर रविवारी येऊ लागली. गिरगावात रेडिओ दुरुस्त करणारा हा बुवा एरवी तोंडाला कुलूप लावून असायचा. पण सेलचा विषय निघाला, की त्याला वाचा फुटायची. हातातल्या पेटीचं बटण दाबलं की नाव वळे. कधी वळवायची, हीच खरी मेख.

"निम्मा जोर जायला नि निम्मा यायला, असं नाही चालत. येताना वारा समोरून असतो. म्हणून तिसरा हिस्सा संपला, की मुकाट्याने वळायचं."

"आणि मन म्हणालं, आणखी थोडं पुढे जाऊ… तर?"

"मनाचं ऐकणाऱ्याची नाव मध्येच राहते."

त्याचं हे शहाणपण कालिंदीला आवडायचं, आणि त्याचाच तिला रागही यायचा. कारण बोलतानाही तो तसाच! तिच्याकडे बघून काहीतरी म्हणू लागे… आणि तिसऱ्या हिश्श्यावरच परत वळे.

मग छप्पनचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. कालिंदीच्या शेजारचा भिवा "आलोच" म्हणून जिना उतरला, तो परत आलाच नाही. त्याच्या घरचे गावाला निघून गेले. दाराला कुलूप लागलं आणि सगळी चाळ दबक्या आवाजात बोलू लागली.

संचारबंदी उठल्यावर हेमचंद्र भेटला, तो जायची बातमी घेऊनच. मालवाहू जहाजावर रेडिओची नोकरी लागली होती. मंगळवारी जहाज सुटणार… दोन वर्षांसाठी.

"रविवारी शेवटची नाव सोडू," तो म्हणाला. कालिंदीला पाहायला पाहुणे येणार आहेत, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो एवढंच बोलला!

नवे सेल आणायचं काम एव्हाना तिच्याकडे आलं होतं. त्या रविवारी तिने पिशवीतून काढून दिलेले सेल त्याने बल्ब लावून पाहिले. बल्ब लख्ख पेटला. आभाळ मळकट होतं, बाग ओस पडली होती, बाकावर एक पोलीस पेंगत होता. नाव निघाली, अर्धं तळं ओलांडून गेली, जरा कुरकुरली आणि थांबली.

"संपले," हेमचंद्र म्हणाला.

कालिंदीला रडू आवरेना. "जुनेच होते ते. ऊन दाखवून आणले. नाव अडकली, की वाऱ्याने काठाला लागेपर्यंत तरी तुम्ही थांबाल, म्हणून… भिवाही आलोच म्हणून गेला होता हो!"

तो तळ्याकडे बघत राहिला.

"ठाऊक होतं मला."

"कधीपासून?"

"पहिल्याच वळणाला मोटरचा आवाज बसला, तेव्हाच. तिथूनच माघारी वळवली असती, तर परत आली असती."

"मग?"

"नाही वळवली."

मग हेमचंद्र पहिल्यांदाच अहो-जाहो विसरला.

"कालिंदी… थांबशील? दोन वर्षं फार होतात गं. तुझ्या घरचे, ते पाहुणे… हे किती टिकेल, याचा अंदाजच येत नाही मला."

"मला तरी कुठे येतोय?" घरात तिचं कोण ऐकणार होतं? तरी ती हसली, तेही उसन्या अवसानानेच. "पण ऊन दाखवत राहीन."

वारा पडला होता. बाग बंद व्हायची घंटा झाली, तरी नाव मधेच उभी होती. तिला तिथेच सोडून दोघं फाटकाकडे चालू लागली, जमेल तितकं हळू.