लाईट थंड होईपर्यंत

"लग्नाचा फोटो काढायचाय," दारातून आवाज आला, आणि नेमका त्याच वेळी माझा मोठा लाईट टीं-टीं करत बंद पडला.

आता तुम्हीच सांगा, अशा मुहूर्तावर आलेल्या माणसाच्या प्रेमात कुणी पडेल का? मी तर त्याच्यावर खेकसलेच.

"वरात कुठेय?"

"वरात नाही अजून... मुलगीही नाही," तो शांतपणे म्हणाला. "बायोडेटाला लावायला फोटो हवाय. आईची ऑर्डर."

"मग थांबा. इथे शूट चालू आहे."

"चालू आहे?" त्याने बंद पडलेल्या लाईटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू मला स्पष्ट दिसलं आणि माझं डोकं आणखीच फिरलं.

फिरायला कारणही तसंच होतं हो! बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर आमचं घर, त्याच्याच पुढच्या खोलीत माझा स्टुडिओ. हिंजवडीची नोकरी सोडून थाटलेला. वर्षभर पासपोर्ट फोटो आणि बारशी केल्यावर पहिल्यांदा मोठं काम आलं होतं. रंगराव शेठच्या दुकानातल्या लग्नसराईच्या साड्या. साड्या ऐंशी, दिवस दोन. जमलं तर दुकानाचं पुढचं सगळं काम माझं. नाही जमलं, तर सोमवारी जुन्या मॅनेजरला 'परत येते' म्हणून कळवायचं, असं मी स्वतःच्या तोंडाने आईला कबूल केलं होतं. आणि ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात साडेअकरा वाजले तरी साड्या झाल्या होत्या नऊ! दहा-बारा फ्लॅश उडवले की लाईट तापायचे, लाल दिवा लुकलुकायचा, की वीस मिनिटं सगळे गप्प बसून.

रंगराव शेठ खुर्चीत पाय हलवत बसले होते. "मॅडम," ते म्हणाले, "आमची वामकुक्षी दुपारी असते. तुमच्या लाईटची सकाळीच सुरू होते वाटतं."

मॉडेल सोनाली शालू नेसून साडीच्या खोक्याच्या झाकणाने वारा घेत होती. छताचा पंखा लावायची सोय नाही, पदर उडतो ना. माझं रडू अगदी फुटायच्या बेतात होतं.

"मी बघू का जरा?" दारातला तो आत आला होता.

"तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात?"

"नाही. कात्रजच्या पुढे दूध थंड करायच्या प्लँटवर असतो. टँकर आला की दूध गार करायचं, दिवसभर तेच."

"हा लाईट आहे, म्हैस नाही."

सोनाली फिस्सकन हसली. तोही हसला! रागावला नाहीच. "तापणं सगळीकडे सारखंच असतं हो," तो म्हणाला. "लाईट काय... आणि माणूस काय."

मग त्याने काय करावं? लाईटला हात लावायच्या आधी हाताची मागची बाजू त्याच्याजवळ नेली, तापातल्या पोराचं कपाळ बघावं तशी. खाली वाकून आतल्या छोट्या पंख्याचा आवाज ऐकला. आणि मागच्या बाजूला जाऊन थबकला.

मागे कव्हर होतं. गुलाबांच्या फुलांचं, इलॅस्टिकचं.

आमच्या घरात फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लॅस्टिक. मग लाईट कसे सुटतील? खालच्या गिरणीचं पीठ उडून वर येतं, सगळ्यावर बसतं, म्हणून आईने जुन्या चादरीची कव्हरं शिवली होती. शूटला मी ती पुढून सरकवायची, मागचा भाग झाकलेलाच ठेवायची. गरम हवा बाहेर टाकणारी जाळी नेमकी मागेच असते, हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! रोज डोळ्यांसमोर असलेलं दिसत नाही, झालं.

आई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी. आता हा हसणार, आणि शेठसमोर आईचा पचका होणार...

"काकू, हे तुम्ही शिवलंय?" त्याने विचारलं. "मापाला काय बसलंय! शिलाई बघा किती बारीक. फक्त एक करू या का? लाईट झोपला की हे घालायचं आणि जागा झाला की काढून ठेवायचं. काम करताना त्यालाही उकडतं ना."

"अगं बाई, खरंच की!" आई म्हणाली. ट्रे खाली ठेवून तिने स्वतःच दोन्ही कव्हरं काढली आणि त्यांच्या नीट घड्या घातल्या.

मी बघतच राहिले. 'चूक' हा शब्दसुद्धा त्याने उच्चारला नव्हता. त्याच्या जागी मी असते, तर 'आई, तुझ्यामुळे!' असं ओरडून मोकळी झाले असते. किती सहज सांभाळून घेतलं होतं त्याने तिला! खरं सांगते, तो मला तिथेच आवडला. कबूल करायला दोन दिवस लागले, एवढंच.

"लाईटमधला हा पिवळा बल्ब सारखा का जळतोय?" त्याने विचारलं.

"सावली कुठे पडते ते कळायला."

"फोटो त्याच्यावर निघतो?"

"छे, फोटो फ्लॅशवर."

"मग सावली बघून झाली की..."

मी पुढे होऊन बल्ब बंद केला. खोलीतला अर्धा उकाडा तिथेच कमी झाल्यासारखा वाटला.

"आणि फ्लॅश दर वेळी एवढ्या जोरात उडवायलाच लागतो का?"

मी थांबले. लाईट लांब ठेवले होते, म्हणून पूर्ण ताकदीने उडवत होते. जवळ ओढले तर निम्म्या ताकदीतही तेवढाच उजेड मिळेल! मी भराभरा दोन्ही स्टँड पुढे घेतले, ताकद निम्मी केली, एक फ्लॅश उडवून पाहिला. शालूची जर अशी झळाळली की शेठचा हलणारा पाय थांबला.

"हे काही मी सांगितलं नव्हतं हं," तो म्हणाला.

"मला येतं माझं काम!"

"दिसतंय ना," तो इतक्या मनापासून म्हणाला की माझ्या हातातलं लेन्सचं झाकण खाली पडलं.

आईने स्वयंपाकघरातला टेबलफॅन आणून दिला. पदर हलणार नाही अशा बेताने त्याने तो लाईटच्या मागे लावला. वर अट घातली की दोन फ्लॅशच्या मध्ये चार आकडे मोजायचे. मी घाईची, माझ्याच्याने थोडंच होणार? मग तोच बाजूला उभा राहून मोजायला लागला. "एक... दोन... तीन... चार." मी फोटो काढायची. पुन्हा, "एक... दोन..." आणि त्या चार आकड्यांत मला दुसरं काही काम नसायचं, म्हणून मी त्याच्याकडे बघायची. तोही बघायचा.

संध्याकाळी सहाला एकेचाळीस साड्या झाल्या. लाईट एकदाही रुसला नाही. मी बटण बंद करायला गेले तर म्हणाला, "लगेच नको. आतला पंखा फिरू दे थोडा वेळ. पूर्ण गार झाला की बंद करा."

"तुमचा फोटो राहिला की," मी म्हटलं. त्याचं नाव प्रज्ञेश, हेही मला तेव्हाच कळलं.

"उद्या येतो."

"उद्याही शूट आहे. ते संपल्याशिवाय नाही जमायचं."

"मग रजा टाकतो," तो म्हणाला. "मोजायला कुणीतरी हवंच ना."

दुसऱ्या दिवशी तो नऊच्या ठोक्याला हजर. इस्त्रीचा आकाशी शर्ट, भांग पाडलेला, अगदी फोटोच्या तयारीत. अकराच्या सुमारास त्याच्या आईचा विश्रांतवाडीहून फोन आला. "जय भीम, आई... हो, फोटोलाच आलोय... नाही, अजून नंबर नाही लागला." मी कॅमेऱ्यामागे तोंड लपवून हसले.

दुपारी गिरणी सुरू झाली आणि त्याच्या खांद्यावर पीठ बसलं. मी सहज झटकायला गेले. सहजच हो! पण पीठ गेलं तरी माझा हात तिथेच राहिला.

"एक..." तो हळूच म्हणाला. "दोन..."

मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सोनाली पदर तोंडाला लावून हसत होती. दुकानातल्या कोऱ्या साडीचा पदर, लाली लागली असती तर शेठनी जीव घेतला असता.

साठ झाल्या, सत्तर झाल्या. मी आनंदात असायला हवं होतं ना? पण प्रत्येक साडीबरोबर माझा जीव थोडा थोडा खाली जात होता. ऐंशी झाल्या की त्याचा नंबर लागणार. फोटो घेऊन तो जाणार, आणि तो फोटो कुठल्या तरी मुलीच्या हातात पडणार. ती नक्कीच 'हो' म्हणणार. न म्हणायला ती काय वेडी आहे?

पाच वाजता ऐंशीवी साडी झाली. शेठनी चष्मा लावून लॅपटॉपवर एकेक फोटो पाहिला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे.

"बरे आलेत," ते म्हणाले. पुण्यात याच्या वर शाबासकी नसते. "संक्रांतीच्या काळ्या साड्याही तुम्हीच करा."

आईने डोळ्याला पदर लावला. मग ती सोनालीला आणि शेठना खालपर्यंत सोडायला गेली आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"बसू?" प्रज्ञेशने विचारलं.

"बसा."

तो स्टुलावर बसला. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. दोन दिवस ओझरता बघितलेला चेहरा आता सरळ समोर होता... दमलेला, प्रसन्न, डावी भुवई किंचित वर. बोट बटणावर होतं. दाबलं जाईना.

"लाईट तापला का?"

"नाही. लाईट ठणठणीत आहे."

"मग?"

मी कॅमेरा खाली ठेवला. "मी नाही काढणार हा फोटो."

"का?"

"कारण मी तो फार चांगला काढीन. बघणारी पहिलीच मुलगी हो म्हणेल. आणि मला ते चालणार नाही." बोलून गेले खरी, आणि मग कानापर्यंत तापले.

त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

"जय भीम, आई. फोटो मिळत नाहीये."

"मग दोन दिवस तिथे करतोयस काय?"

"फोटोग्राफर द्यायला तयार नाही."

"तर दुसरीकडे जा ना! पुण्यात स्टुडिओंचा दुष्काळ पडलाय का?"

"मला दुसरीकडे नाही जायचं, आई," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "कुठेच नाही."

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली, गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग आवाज आला तो अगदी वेगळा, हळू.

"नाव काय तिचं?"

तो सांगणार, तेवढ्यात मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"जय भीम, काकू. मी कल्याणी."

"हं," त्या म्हणाल्या. "रविवारी दोघं जेवायला या. आणि फोटो-बिटो काही नको गं, मी समोरच बघते."