तळघरातले आठ तास

“भरून टाक इंदू ते, आणि विषय संपव.”

मुकुंदरावांचं हे वाक्य म्हैसाळहून सांगलीला येईपर्यंत इंदुमतीबाईंच्या कानात घुमत राहिलं. चालकाविना चालणाऱ्या बसमध्ये बाजूला बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे ते जास्तच ऐकू येत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात कुठल्याही चुकीच्या बिलावरून दुकानदाराशी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस एका पार्किंगच्या दंडापुढे मात्र मान तुकवत होता. नेमकं हेच त्यांना खटकत होतं.

‘तमोमापन प्रयोगशाळा’ अशी पाटी असलेल्या दारातून त्या आत शिरल्या. आत फोटो धुवायच्या खोलीत असायचा तसा मंद तांबडा उजेड होता. छातीवरची जखम भरून आली होती, पण जिना चढला की अजून धाप लागायची. डॉक्टर अरुंधती नलावड्यांनी उठून खुर्ची पुढे केली.

“एकट्याच आलात? काका नाही आले?”

“त्यांना ठाऊक नाही मी इथे आलेय ते.”

दीड महिन्यापूर्वी, ऐन श्रावणात, मिरजेच्या एका इस्पितळात इंदुमतीबाईंच्या हृदयाची झडप बदलली होती. जाण्यायेण्यासाठी मुकुंदरावांनी त्या दिवसापुरती एक भाडेगाडी घेतली होती. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आत नेताना बाईंनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता, की ते तिथे ताटकळत बसणार नाहीत, म्हैसाळच्या घरी जाऊन दोन घास खातील आणि पाठ टेकतील. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं तेच विचारलं. “गेलो होतो की,” मुकुंदराव म्हणाले, “गाडी अंगणात उन्हात लावली आणि चांगली ताणून दिली.”

आठवड्याने खासगी पार्किंग कंपनीची नोटीस घरी आली आणि नेमकी बाईंच्याच हातात पडली. इस्पितळाच्या तळघरात दोन तासांची मुभा असताना त्याच दिवशी ही गाडी सकाळी अकरा ते संध्याकाळी सात उभी होती, म्हणून दंड. आदल्या आठवड्यात तळघरात पाणी शिरल्याने कॅमेरे बंद होते. पुरावा एकच, राखणदार अल्ताफ मुजावरच्या हातची वहीतली नोंद.

इंदुमतीबाईंनी हरकत घेतली, आणि प्रकरण तपासणीसाठी या प्रयोगशाळेकडे आलं. नवऱ्याचा शब्द खोटा आहे असं एखादी कंपनी लिहून पाठवते, आणि आपण पैसे भरून त्याला मान डोलवायची, हे त्यांना जमणारं नव्हतं. मग कंपनीचं दुसरं पत्र आलं. हरकत मान्य झाल्यास खोटी नोंद केल्याबद्दल मुजावर यांना कामावरून काढण्यात येईल. तूर्त त्यांना घरी बसवलं आहे. मुजावरने आपल्या जबाबात एवढंच लिहिलं होतं, ‘गाडी उभी होती. बाकी मी काही सांगणार नाही.’

त्या दिवसापासून बाईंचं पूजेत चित्त लागेना. दोन माणसांचे दोन शब्द होते, आणि त्यातला एक खोटा होता.

“तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात, असं अर्जात लिहिलंय,” नलावडे म्हणाल्या. “मग तमोपट्टी कशी चालते ते सांगायला मला सोपं जाईल.”

“सांगा. तीस वर्षं मुलींना समजावलं, आता मला कुणीतरी समजावू दे.”

डॉक्टर हसल्या. त्यांनी टेबलावरची एक कोरी पट्टी उचलली. ती वीतभर रुंद आणि हातभर लांब होती, दुधी रंगाची. “प्रत्येक भाडेगाडीच्या समोरच्या काचेखालच्या फळीवर कायद्यानं ही बसवतात. गाडी थांबली की हिचं झाकण उघडतं, सुरू झाली की बंद होतं. म्हणजे गाडी उभी होती तेवढ्याच वेळाची ही साक्षीदार. हिच्या लेपात बारीक स्फटिक असतात. जमिनीतून, भिंतीतल्या दगडातून, आकाशातून अतिसूक्ष्म किरणं सतत येत असतात, ती या स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांना जागेवरून उठवतात. उठलेल्यांपैकी काही स्फटिकातल्या खळग्यांत अडकतात.”

“आणि तिथेच राहतात?”

“अंधार असेपर्यंत. उजेड पडला की सुटून आपापल्या घरी जातात. म्हणून जितका वेळ अंधार, तितके जास्त अडकलेले. इथे आणून आम्ही पट्टीवर निळा किरण सोडतो, तेव्हा ते सगळे एकदम सुटतात आणि सुटताना चमकतात. चमक मोजली की अंधाराचे तास कळतात. जुन्या खापरांचं वय असंच काढत आलेत. त्यांचे स्फटिक हजारो वर्षं मोजतात, आमचे मिनिटं मोजतात.”

“पण ती पट्टी काढूनही दीड महिना झाला की. तेव्हाचा अंधार?”

“बरोबर विचारलंत. गाडी परत आली त्याच संध्याकाळी ती शिशाच्या डबीत गेली. शिशातून किरण जात नाहीत, तेव्हा नवं काही अडकत नाही. तळघरापासून गाडीच्या डेपोपर्यंत झाकण बंद होतं, ती वीस मिनिटं आम्ही वजा केली.”

इंदुमतीबाईंनी पदर सावरला. “म्हणजे गाडी उन्हात असेल तर पट्टी रिकामी. तळघरात असेल तर भरलेली.”

“पट्टी जवळजवळ रिकामी आहे,” नलावडे म्हणाल्या. “नियमाप्रमाणे आम्ही सबंध पट्टीची सरासरी काढतो. ती मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. हरकत मान्य. मी सही केली की तुम्ही जिंकलात.”

बाईंनी डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत त्यांनी देवाचं नाव घेतलं. मग त्यांना राखणदार आठवला. त्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

“मग सही का नाही केलीत अजून?”

नलावडे जरा घुटमळल्या. “नियम सरासरीपाशी थांबतो, मी थांबले नाही. कारण डावा कोपरा.” त्यांनी पडद्यावर पट्टीचं चित्र आणलं. सबंध पट्टी काळी होती. डाव्या कोपऱ्यात मात्र बोटभर जागा निळी पेटलेली दिसत होती. “इथे पूर्ण आठ तासांचा अंधार आहे. ऊन चारी बाजूंनी शिरतं, फळीचा कुठलाच कोपरा उन्हात आठ तास काळाकुट्ट राहत नाही. गाडीतला छताचा दिवा मात्र नेमका एवढाच कोपरा सोडतो, मध्ये आरसा येतो म्हणून.”

इंदुमतीबाईंना समजायला क्षणभर लागला. “गाडी तळघरातच होती. आतला दिवा लावलेला होता.”

“हो.”

“म्हणजे हे आत बसून होते. आठ तास.”

“तसंच दिसतंय. आणि दुसरी एक गंमत आहे, ती मला अजून उलगडलेली नाही. तुम्ही दुखावणार नसाल तर दाखवते.”

बाईंनी नुसती मान हलवली.

नलावड्यांनी चित्र मोठं केलं. काळ्या पट्टीवर बारीक निळ्या रेघा उमटल्या होत्या, शेजारी शेजारी, उभ्या. बारा झाल्या की थोडी जागा, पुन्हा बारा. असे नऊ गट. “दिव्याच्या उजेडात कुणीतरी इथे काहीतरी मांडत गेलंय. प्रत्येक वस्तूखाली अंधार झाला, आणि ठेवल्याच्या क्षणापासून तो साठत गेला. शेवटी दिवा मालवून मगच सगळ्या उचलल्यात, त्यामुळे खुणा टिकल्या आणि कुठली कधी ठेवली तेही सांगता येतं. पहिली बाराला दहा कमी असताना. दुसरी तिच्यानंतर अकरा मिनिटांनी. पहिल्या पाच-सात जाड आहेत, वाकड्या आहेत. पुढे बारीक होत जातात आणि वेळही कमी लागत जातो. शेवटी शेवटी मिनिटाला एक. सगळ्या मिळून एकशे आठ. मला वाटलं तारा असतील, पण तारा एवढ्या वाकड्या…”

“वाती आहेत,” इंदुमतीबाई म्हणाल्या.

“काय?”

“कापसाच्या वाती. चातुर्मासात रोज एकशे आठ वळायच्या आणि देवापुढे लावायच्या, असा नेम आहे माझा. एकोणीस वर्षांचा. शस्त्रक्रियेच्या दिवशी मला जमणार नव्हतं, म्हणून जाऊबाईंना सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी ह्यांनी डबी आणून उशाशी ठेवली. ‘प्रमिलानं पाठवल्यात’ म्हणाले.” त्या थांबल्या. “मी मनात म्हटलं, प्रमिलाची नजर अधू झाली वाटतं, काय या वाती वळल्यात.”

नलावड्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर निळ्या रेघा तशाच होत्या.

“जन्मभर चिडवलंय हो मला,” बाई हळूच हसल्या. “म्हणायचे, तुझा देव विजेचं बिल वाचवतोय. एकदा कापूस हातात दिला तर म्हणाले, हे बायकांचं काम, मला काय येतंय.”

“दुसरीलासुद्धा अकरा मिनिटं लागलीत,” नलावडे म्हणाल्या. “येत नव्हतंच त्यांना.”

दोघी हसल्या, आणि हसता हसता बाईंनी चष्मा काढून पुसला.

“हे मधलं काय?” त्यांनी चौथ्या गटापुढे बोट ठेवलं. “इथे खंड आहे.”

“दोन वाजून दहा ते तीन. पन्नास मिनिटं काहीच नाही. आणि त्यानंतरची पहिली वात बघा, आधीच्या सरळ झाल्या होत्या, ही पुन्हा वाकडी.”

इंदुमतीबाईंचा हात छातीवर गेला. दोनच्या सुमाराला रक्तदाब घसरला होता, नातेवाइकाला वर बोलावून आणखी एका कागदावर सही घेतली होती, असं नंतर सिस्टरनं सांगितलं होतं. म्हैसाळहून दहा मिनिटांत कसे पोचलात, असं त्यांनी मुकुंदरावांना विचारलं होतं. रस्ता मोकळा होता, म्हणाले होते ते. म्हणजे सही करून ते परत खाली गेले होते. तळघरात, दिवा लावून, पुन्हा कापूस घेऊन बसले होते. दुसऱ्यासाठी नेम चालवला तर त्याची वाच्यता करायची नाही, हे या न मानणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं असेल? बहुधा बाईंनी स्वतःच कधीतरी, जेवताना.

“सही करू नका,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, नियमानं तुम्ही जिंकताय. त्या कोपऱ्याची नोंद करायला कायदा मला भाग पाडत नाही.”

“आणि तो मुजावर?”

नलावड्यांनी मान खाली घातली. “त्याचंच मला वाटत होतं. म्हणून तुम्हाला बोलावलं.”

“हरकत मागे घेतली तर अहवाल कुणाला जातो?”

“कुणालाच नाही. पट्टी उन्हात धरून कोरी करतात. चित्रही पुसतात.”

इंदुमतीबाईंनी पडद्याकडे पुन्हा एकदा, सावकाश पाहिलं. पहिलीपासून शेवटचीपर्यंत, एकशे आठ. ओठ हलत होते. मग त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि खाली लिहिलं, हरकत मागे घेत आहे, नोंद खरी होती.

मुजावरचा नंबर कंपनीच्या पत्रात होता. तो त्यांनी तिथूनच लावला.

“अल्ताफभाई, मी इंदुमती सबनीस. त्या भाडेगाडीच्या.”

“बोला काकू. तब्येत कशी आहे आता?”

या प्रश्नाची बाईंना अपेक्षा नव्हती. “बरी आहे. माझ्यामुळे तुम्ही घरी बसलात. तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना?”

“मला काय ठाऊक असणार काकू. गाडी होती, एवढं वहीत लिहिलं. उभ्या गाडीला नाही म्हणून लिहिता येत नाही मला.”

“आत काय चाललं होतं, ते सांगितलं असतंत तर नोकरीवर आलं नसतं.”

“काकांना जबान दिली होती,” तो म्हणाला. “चहा घेऊन गेलो तर कापूस पसरलेला. म्हणाले, मुजावर, हे तळघराबाहेर जाता कामा नये. आता तुम्हाला कसं कळलं ते मला विचारायचं नाही. पण काकांना सांगू नका, एवढंच. त्यांना वाटेल मी बोललो.”

“नाही सांगणार. आणि तुमचे साहेब मिरजेच्या कार्यालयात किती वाजेपर्यंत असतात?”

“पाच. पण काकू, कागद पाठवा की. तुम्ही कशाला येता?”

“कागद आठवड्यानं पोचेल. मी पाचच्या आत येऊन तोंडानं सांगते, की तुमची नोंद खरी आणि माझी हरकत चुकीची. पोचतेच मी, हा शब्द झाला.”

फोन ठेवून त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते. नलावडे म्हणाल्या, “मी गाडीनं सोडते.” त्या नको म्हणाल्या, बस जवळूनच सुटते. नमस्कार करून त्या बाहेर पडल्या. कठड्याला हात लावत, दर चार पायऱ्यांनी थांबून श्वास घेत त्या जिना उतरल्या. खाली उतरल्यावर त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि मिरजेच्या बसथांब्याकडे चालू लागल्या.