शनिवारचं गोल घर

"धर, धर, धर! सोडू नकोस!"

त्यानं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य... आणि तेही माझ्यासाठी नव्हतंच.

मी नुसती डोकावले होते. बाबांच्या स्वभावाप्रमाणे आम्ही कॅम्पच्या मैदानावर वेळेच्या बरेच आधी जाऊन थडकलो होतो आणि आम्हाला मिळणारं यर्ट, म्हणजे लोकरीच्या जाड नमद्यांनी मढवायचं गोल घर, अजून अर्धवटच उभं होतं. गोल जाळीदार लाकडी भिंत झाली होती, दार बसलं होतं, छपराचा मात्र पत्ता नव्हता. मधोमध एक उंच तरुण दोन्ही हात वर करून एक भलंमोठं लाकडी कडं तोलत उभा होता. त्याची पाठ माझ्याकडे. दोरी आणायला गेलेला जोडीदार आला असं समजून त्यानं ते कडं सरळ माझ्या हातांत दिलं आणि काठ्या उचलायला पळाला.

काठ्या घेऊन वळला... आणि जागच्या जागी थांबला.

"तुम्ही कोण?"

"आज इथं राहणारी," मी म्हणाले. "छप्पर मिळालं तर."

"अरे बाप रे! सॉरी हं... द्या, द्या इकडे."

"कसं देऊ? माझे हात वर अडकलेत, तुमचे काठ्यांनी भरलेत. आता लावा पटापटा."

तो हसला. काठीचं एक टोक भिंतीवर, दुसरं माझ्या हातांतल्या कड्यात. एक काठी या बाजूला, पुढची बरोबर समोरच्या बाजूला. दर वेळी माझ्यासमोरून जायचा आणि दर वेळी बघायचा... आणि बघितलंच नाही असं दाखवायचा.

"एका बाजूच्या सगळ्या आधी लावल्या तर चालत नाही का?"

"कडं कलतं मग."

"म्हणजे माझ्यासमोरून सारखं जावंच लागतं?"

"नाइलाज आहे," तो म्हणाला. कान मात्र लालबुंद झाले होते.

बाहेरून आत्या ओरडली, "अगं, तंबू बघायला गेलीस की बांधायला?"

"तंबू नाही, यर्ट!" आतून तोच ओरडला.

झालं. त्या दिवसापासून आत्यानं त्याचं नाव तंबूवाला ठेवलं ते ठेवलंच.

आमचं दर शनिवार-रविवारचं कॅम्पिंग म्हणजे तसा हसण्याचाच विषय होता. मैदान शहराच्या इतकं जवळ की आपल्या बसचाच शेवटचा थांबा. गॅस बंद केलाय ना, या शंकेनं आई दुपारी बसनं घरी जाऊन यायची आणि येताना विसरलेली चाळणी घेऊन यायची. बाबा बस दुरुस्तीच्या कारखान्यात फोरमन. आयुष्यभर बसमध्येच डोकं घातलेला माणूस, पण लांबचा प्रवास म्हटला की काहीतरी कारण काढून टाळायचा. मी त्यांची एकुलती एक. शाळा, कॉलेज, नोकरी, सगळं त्याच बसच्या वाटेवर. कुठे हॉस्टेलला म्हणून कधी राहिले नाही. "पोरगी रोज डोळ्यांसमोर दिसली की मला बाकी काही नको," बाबा म्हणायचे. आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आता त्या मैदानावर उंच इमारती आहेत. तिथून गेले की मी अजूनही खिडकीची जागा धरते आणि आमचं यर्ट नेमकं कुठे असेल ते शोधत बसते. बाबा आता नाहीत. त्यामुळे जास्तच शोधते.

पण तो मोसम! एरवी मला कॅम्पिंगला ओढून न्यावं लागायचं. त्या वर्षी शुक्रवारपासूनच माझी बॅग भरलेली असायची.

"दादा, हिला यंदा निसर्गाचं भलतंच वेड लागलंय हो," आत्या बाबांना म्हणायची. बाबा भोळेपणानं खूश व्हायचे. आई फक्त माझ्याकडे बघायची आणि पुन्हा बटाटे सोलायला लागायची.

एकदा दुपारी बारीक पाऊस लागला होता. तो आमच्या यर्टचे दोर आवळायला आला तर नाकावरचा चष्मा पार तिरका. मी चष्म्याच्या दुकानात कामाला. तिरका चष्मा बघून माझे हात शिवशिवतात.

"बसा इथं. काढा तो."

पर्समधला छोटा स्क्रू ड्रायव्हर काढून मी काडी नीट केली. मग म्हटलं, काचाच चुकीच्या बसवल्यात की काय? छोटी पट्टी काढली.

"माझ्या डोळ्यांत बघा."

"...का?"

"दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचंय. का म्हणजे काय?"

"बघतोय की."

"कुठे? चटईकडे बघताय."

"अवघड आहे हो."

"गिऱ्हाईकं बघतात रोज. त्यांना नाही अवघड जात."

"त्यांना तुम्ही आवडत नसाल."

नमद्याच्या छपरावर पाऊस टपटपत होता. मी घाईघाईनं माप कागदावर लिहिलं आणि फारच कामात असल्यासारखी पर्स आवरू लागले. सोमवारी दुकानात तो कागद बघितला, तर त्यावर लिहिलेल्या अंतराचे डोळे कुठल्याही माणसाला असणं शक्यच नव्हतं.

मोसमाच्या शेवटच्या शनिवारी त्यानं सांगितलं. नमद्यांच्या घड्या घालता घालता, अगदी सहज सांगावं तसं. "डोंगरातला मोठा कॅम्प माझ्यावर सोपवतायत. कायमचा. उद्या इथलं सगळं उतरवलं की ट्रकबरोबरच निघायचं."

"वा! अभिनंदन," मी म्हणाले. नवीन फ्रेम घेतलेल्या गिऱ्हाइकाला म्हणते ना, अगदी तसंच.

तो पुढच्या नमद्याची घडी घालू लागला. मी दुसरं टोक धरलं. मला तो हवा होता, इतकं सरळ होतं ते. आणि तितकीच सरळ भीतीही होती... त्याच्याबरोबर जायचं म्हणजे घर सोडायचं. बाबांना सोडायचं. तो गप्पच राहिला तर मला काहीच ठरवावं लागणार नव्हतं. तो गप्प राहू नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होते.

रविवारी दुपारी आमचं सामान बाहेर काढून झालं. आई भांडी घासत होती, बाबा पेटीला दोर बांधत होते, आत्या दोघांना सूचना देत होती. तो यर्ट उतरवायला आत गेला. काही राहिलं का बघते, असं पुटपुटत मीही आत शिरले.

"राहिलं काही?" त्यानं विचारलं.

"बघतेय."

त्यानं दोराची गाठ सोडायला घेतली... आणि तशीच ठेवली.

"तिकडे थंडी फार असते," तो म्हणाला. "नमद्यांचे दुप्पट थर घालावे लागतात. पाणी लांबून आणायचं. दुकानं खाली गावात. चष्म्याचं आहे एक, पण अगदीच टीचभर."

"हे मला कशाला सांगताय?"

"वाईट असेल ते आधी सांगावं म्हणून."

"आणि चांगलं?"

तो विचारात पडला. खरोखरच पडला.

"चांगलं असं... काही नाही. मी असेन."

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम.

"येशील?" त्यानं विचारलं. आजवर अहो-जाहो करणारा हा माणूस, एकदम 'येशील'.

मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं... बाहेर भांड्यांचा आवाज थांबलाय. आत्यासुद्धा गप्प आहे! नमदा वारा अडवतो, थंडी अडवतो. बोलणं मात्र आरपार जातं. तिघंही पलीकडे श्वास रोखून उभी होती, हातभर अंतरावर. बाबांचा चेहरा दिसत नव्हता, पण हातातला दोर त्यांनी घट्ट धरला असणार, हे मला भिंतीतूनही कळत होतं.

तो वाट बघत होता. या वेळी सरळ माझ्या डोळ्यांत बघत.

 मग मी म्हणाले.

"येईन."

मुद्दाम जरा मोठ्यानं म्हणाले. बाहेर जाऊन पुन्हा सांगण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं.

 आत्यानं नाक ओढल्याचा आवाज आला. आई हळूच म्हणाली, "अहो... बोला की काहीतरी."

मग बाबा खाकरले. आवाज त्यांचाच होता, पण जरा ओला.

"स्टोव्ह अजून बाहेरच आहे," ते म्हणाले. "चहा टाकतो. या रे दोघं."