टेपवरचे अकरा सेकंद

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीकडे शेतकऱ्यांचे सहा वर्षांचे व्हिडिओ कॉल साठले होते. कुणी पानावरचा डाग दाखवलेला, कुणी बोंडातली अळी. सगळे मिळून चाळीस टीबी. त्यांची दुसरी प्रत स्वस्तात कुठे ठेवायची, हे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या साजियाने ठरवायचं होतं. क्लाउडचं भाडं दर महिन्याला वाढणारं, हार्ड डिस्कचा भरवसा नाही. शेवटी तिने टेप निवडली. दिसायला जुन्या कॅसेटसारखी, पण एकीत बारा टीबी मावणारी. चार कॅसेटींत सगळं बसलं.

"एखादा कॉल काढून बघा ना जल्दी," मच्छिंद्र म्हणाला. शेतकऱ्यांशी बोलायचं काम त्याचं. साजियाचं नाव त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिने केदारखेड्याच्या दुर्गाबाईंचा जुना कॉल टेपवरून परत आणला. चित्र लख्ख, आवाज स्वच्छ. साजियाने टाळीच वाजवली.

मग तिची नजर वेळेवर गेली. मूळ कॉलपेक्षा हा अकरा सेकंदांनी मोठा होता. फाइलचा आकार मात्र तेवढाच.

दुर्गाबाईंनी फोन ठेवला, पडदा काळा झाला. त्यानंतर ढेकळांतून चालणारी पावलं ऐकू आली. अनवाणी.

"टेप खराब निघाली वाटतं," मच्छिंद्र म्हणाला.

"बिलकुल न्हाई सर. फाइलचा आकडा जुळून राह्यला." ती खुर्चीच्या टोकावर सरकली होती. असं काही आपल्या हाती लागावं, या आनंदाने तिने लगेच दर वर्षाचा एकेक कॉल टेपवरून काढायला घेतला.

पुढच्या वर्षीचा कॉल कुंभार पिंपळगावचा. अकरा सेकंद. आता पावलं डांबरी रस्त्यावर होती, बाजूने ट्रक जात होते.

त्यानंतरच्या वर्षीच्या कॉलमध्ये लोखंडी फाटक करकरलं.

मग जिना. एकेक पायरी, दम खात.

"हा आपलाच जिना आहे," मच्छिंद्र पुटपुटला. "बंद करा, मॅडम."

"एकच राह्यला, सर. शेवटचा!"

शेवटचा कॉल परवाचा होता. शेतकऱ्याने रामराम केला, पडदा काळा झाला. पावलं आली आणि थांबली.

"साजियाबाई," एका बाईचा म्हातारा, दमलेला आवाज म्हणाला, "पोचले बघा. बसू का?"

मच्छिंद्रने नको म्हणून मान जोरात हलवली. पण साजियाच्या तोंडून हौसेने निघूनही गेलं, "बसा ना!"

वेळेचा आकडा तिथेच थांबला.

दोघांच्या मधल्या रिकाम्या खुर्चीची गादी हळूहळू खाली दबली.